वाळूत रोवलेली काठी

"चार बजे," असं म्हणून निताईनं चार बोटं माझ्या नाकासमोर धरली. "चार मतलब चार, दादा. सवा चार नहीं."

जयवंत हसायला लागला. जयवंत माझा धाकटा भाऊ. त्याचं ऐकून निताईही मला दादा म्हणायला लागला होता.

"अरे बाबा, चार म्हणजे चार," जयवंत मराठीतच म्हणाला. "चल मृणाल, टोपी घे."

मृणाल त्याची बायको. आम्ही तिघं आणि होडीवाला निताई, एवढेच त्या बेटावर होतो. उत्तर अंदमानात ही दोन बेटं शेजारी-शेजारी आहेत, मोठ्याला तिथले लोक बडा म्हणतात, धाकट्याला छोटा. वस्ती दोन्हीवर नाही. मधे वाळूचा एक लांबट पट्टा आहे, दीडेकशे पावलांचा. भरतीला तो पाण्याखाली असतो आणि ओहोटीला उघडा पडतो, मग बड्यावरून छोट्यावर चालत जाता येतं. छोट्याच्या भोवती पोवळ्याचे खडक, त्यामुळे होडी तिकडे नेता येत नाही. खरी चौपाटी मात्र छोट्याच्या पलीकडच्या अंगाला. माणसाचं पाऊल नाही अशी वाळू, असं निताईनं सांगितलं आणि जयवंत हटूनच बसला.

ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि जयवंत पंचेचाळीसचा. त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात माझी बायको शेवंती गेली. मूलबाळ नाही. हर्णैला बर्फाच्या कारखान्यात दिवसभर लाद्या ओढायच्या, संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघत बसायचं, असं चाललं होतं. जयवंत पुण्याहून आला आणि म्हणाला, "दादा, बॅग भर. वहिनी गेली म्हणून तूही जायचं ठरवलंयस काय?" असा तो. मनानं फार चांगला माणूस. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोलणार त्यात माझा स्वभाव दिसेल, त्याचा नाही.

आठ दिवस मी त्याच्या मागून हिंडत होतो. विमानात पट्टा त्यानं लावून दिला. हॉटेलातला नळ कसा फिरवायचा ते त्यानं दाखवलं. जेवायला बसलं की मेनूकार्ड माझ्या हातात द्यायचा, मग मला वाचता येत नाही हे लक्षात येऊन हळूच काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "दादाला मासा सांगू या." पायात घालायला चामड्याच्या नव्या सँडल घेऊन दिल्या. मला त्याचा राग नव्हता आला असं म्हणेन, पण खोटं कशाला बोलू, आला होता. मोठा मी आणि बोट त्याचं धरून चालायचं!

लहानपणी उलट होतं. बाबा आमचे तांडेल, होडीवरचे मुख्य. मी दहा वर्षांचा झालो तेव्हापासून त्यांच्याबरोबर समुद्रावर. जयवंतलाही एकदा नेलं आणि कोळ्याच्या पोराला पोहता येत नाही म्हणजे काय म्हणून बाबांनी त्याला उचलून पाण्यात टाकलं. तो किंचाळला, गटांगळ्या खायला लागला. मीच उडी मारून त्याला काढला. त्यानंतर त्यानं पोहण्याचं नाव घेतलं नाही. बाबा म्हणाले, "ह्याला शाळेत घाला. हा आपल्या कामाचा नाही." तो शिकला, इंजिनिअर झाला. मला समुद्र मिळाला. पुढे बाबा गेले, होडी विकली आणि माझा समुद्रही गेला.

तर निताईनं चार बोटं दाखवली तेव्हा मी आकाशाकडे बघितलं आणि मनात हिशेब केला.

"जयवंता, आज तिथी काय?"

"मला काय विचारतोस? तुला माहीत."

"अमावास्या. तिथीची पाऊणपट करायची, बाबा शिकवायचे ते आठवतं? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती. त्याच्यापुढे सहा तास ओहोटी. सव्वापाचपर्यंत पाणी उतरतच राहणार. हा चारला का बोलावतोय?"

जयवंत माझ्या तोंडाकडे बघत राहिला. निताईला त्यानं हिंदीत सांगितलं की आमचे दादा असं असं म्हणतात. निताईनं मान हलवली. तो सावळा, किडकिडीत बंगाली. त्याचा बाप फाळणीनंतर इथं येऊन वसलेला.

"दादा का हिसाब दादा के घर का," तो म्हणाला. "इधर का पानी अलग. चार बजे पलटता है. फिर दोनों तरफ से आता है, रुकता नहीं. और अंधेरा भी जल्दी होता है इधर."

"त्याला घरी जायची घाई असेल," मी म्हणालो.

असं म्हणायची काही गरज नव्हती. पण आठ दिवसांत पहिल्यांदा मला एखादी गोष्ट समोरच्यापेक्षा जास्त कळत होती. ती मी अशी सोडणार होतो थोडाच!

अडीच वाजता वाळूचा पट्टा उघडा पडायला लागला. मी जयवंतला म्हटलं, "बघ. आत्ताच उघडलाय, अजून पावणेतीन तास उतरणार." मला त्याच वेळी कळायला हवं होतं की माझ्या हिशेबानं तो इतक्या लवकर उघडायला नको. पण माणसाला एकदा आपलं खरं करायचं असलं की सगळं आपल्या बाजूचंच दिसतं. घोटाभर पाण्यातून आम्ही छोट्यावर गेलो. जयवंत माझा दंड धरून चालत होता. पाणी घोट्यापर्यंतच, तरी धरून. मला फार बरं वाटलं.

छोट्याच्या पलीकडे गेलो आणि मृणाल बोलायचीच थांबली. एरवी फार बोलायची ती. पांढरी वाळू, तिच्यावर कासवानं अंग ओढत नेल्याची ओळ, वरच्या बाजूला केवड्याचं रान थेट पाण्यावर झुकलेलं. कुठून कुठून वाहून आलेले ओंडके उन्हात पांढरे पडलेले. आवाज फक्त लाटांचा. मला शेवंतीची आठवण झाली आणि मी तिथंच खाली बसलो. जयवंत शेजारी येऊन बसला. नुसता पाठीवर हात ठेवला.

आम्ही डबे उघडले, खाल्लं. मृणाल शिंपले वेचत लांबवर गेली. जयवंतनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय बुडवले, बस, तेवढंच.

चार वाजता बड्याच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली. लांब, तीनदा.

"दादा, निघू या का?" जयवंत म्हणाला.

"बस रे. पाणी कुठं चाललंय हे आता तुला दाखवतोच."

मी ओंडक्यांतली एक सरळ काठी काढली आणि पाणी जिथं येऊन परतत होतं त्या रेषेवर वाळूत रोवली. बाबा कुठल्याही किनाऱ्यावर उतरले की आधी हेच करायचे. काठी कोरडी राहिली तर पाणी उतरतंय, बुडाली तर चढतंय. घड्याळ नको, पंचांग नको.

"आता बघ," मी म्हणालो. "थोड्या वेळानं ही काठी पाण्यापासून लांब राहिलेली दिसेल."

पुन्हा शिट्टी झाली. मग बराच वेळ झाली नाही.

मृणाल परत आली आणि म्हणाली, तिघांचा एक फोटो काढू. कॅमेरा तिनं ओंडक्यावर नीट बसवला. दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायचा त्यात. ती पळत येऊन जयवंतला चिकटून उभी राहिली, मी दुसऱ्या बाजूला. फोटो निघाला. जयवंतनं माझ्या खांद्यावरचा हात काढलाच नाही. मृणालला म्हणाला, "तुला सांगतो, मी एवढं शिकलो, पण दादासारखं नाही. याला कळतो समुद्र. लहानपणी यानं मला काढलं नसतं तर तू आज दुसऱ्याच कुणाशी भांडत बसली असतीस."

"भाऊजी, मग तुमच्यामुळेच माझ्या डोक्याला हा ताप," ती म्हणाली आणि आम्ही हसलो.

अजून दहा-पंधरा मिनिटं आम्ही बसलो असू. जयवंत लहानपणचं काय काय सांगत होता. मग मी म्हणालो, "चला, उजेड उतरतोय. अंधारात खडक दिसायचे नाहीत."

उजेड खरंच उतरत होता. आपल्याकडे सहा-सव्वासहाला होतं तसं तिथं पावणेपाचलाच व्हायला लागलं. चालता चालता मी पाय उचलला. जयवंत मागून म्हणाला, "दादा, तुझ्या सँडल राहिल्या!" आणि पळत जाऊन त्यानं त्या आणल्या.

पट्ट्यापाशी आलो. पट्टा नव्हता. दोन्ही बाजूंचं पाणी मधे येऊन एकमेकांवर आदळत होतं आणि त्याचा फेस आडवा वाहत होता. पलीकडच्या टोकाला निताई कमरेला दोर बांधून पाण्यात उभा होता. दोराचं दुसरं टोक झाडाला. हातवारे करून ओरडत होता, पण वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते.

आम्ही आत शिरलो. थोडं आत गेल्यावर वाळूचा जरा उंचवटा होता, तिथं पाणी मांडीपर्यंत. त्याच्या पुढे मात्र कमरेच्या वर. मृणालचे पाय टिकेनात. कॅमेऱ्याची पिशवी तिनं दातांत धरली होती.

जयवंत उंचवट्यावर थांबला. चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, पाणी चढतंय का?"

"नाही रे. लाटा आहेत नुसत्या. तू इथंच थांब, हलू नकोस. मी हिला निताईपाशी सोडतो आणि तुला न्यायला येतो."

"येशील ना?"

"येड्या, येणार नाही तर काय!"

"बरं. थांबतो."

मी मृणालला एका हातानं कवटाळून पुढे निघालो. साठ-सत्तर पावलं असतील. पाण्याची ओढ अशी की एक पाऊल पुढे टाकलं तर दोन बाजूला. निताईनं पुढे येऊन तिचा हात पकडला आणि माझ्यावर खेकसला, "उसको वापस भेजो! छोटा पर भेजो! रात उधर रहने दो!"

मी वळलो. पाणी जयवंतच्या छातीला लागलं होतं. त्याच्या मागे छोट्याचा किनारा चाळीस पावलांवर होता. चाळीस. मागे फिरून चालायला लागला असता तर पोहोचला असता, रात्रभर केवड्याखाली कुडकुडत बसला असता आणि सकाळी आम्हाला शिव्या घातल्या असत्या. पण दादानं थांब म्हटलं होतं म्हणून तो थांबला होता. दोन्ही हात वर. हातांत माझ्या सँडल. भिजू नयेत म्हणून.

"जयवंता, मागे जा!" मी ओरडलो. "मागे फीर!"

त्याला ऐकू गेलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला, असं मला वाटलं. हसला नसेलही. मग आडवी लाट आली आणि हात खाली गेले.

मी पोहत तिथं पोहोचलो. खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. वाळूनं गढूळलेलं पाणी, काहीच दिसेना. एकदा माझ्या हाताला कापड लागलं. मी मूठ आवळली, तोवर ते सुटलं होतं. लहानपणी तो हाताला लागला होता तसा तो या वेळी लागला नाही. शेवटी निताईनं दोर कमरेला घेऊन येऊन मला ओढून नेलं. मी त्याला मारत होतो म्हणे. मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पोलिसांची लाँच आली, गावातले चार होडीवाले आले. पहाटेची ओहोटी होती, पट्टा पुन्हा उघडा, कोरडा, जसं काही झालंच नाही. जयवंत छोट्याच्या मागच्या खडकांत सापडला. एक सँडल त्याच्या मनगटात पट्ट्यानं अडकलेली होती.

लाँचवरच्या माणसानं मला समजावून सांगितलं. तिथीची पाऊणपट आपल्या किनाऱ्यापुरती खरी. दर किनाऱ्याचं पाणी आपल्या वेळेला चढतं. तिथं त्या दिवशी भरती साडेनवालाच होऊन गेली होती. मी त्याला म्हणालो, चूक माझी आहे, होडीवाल्यानं चार सांगितलं होतं, माझा हिशेब चुकला. जबानीतही तेच सांगितलं. मृणालला तेच सांगितलं, हर्णैला आल्यावर भावकीला तेच सांगितलं. मी काही लपवलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. लोक मला म्हणाले, अरे हरेश्वरा, परका समुद्र, तू तरी काय करणार? तू होतास म्हणून सून तरी वाचली. मृणालही म्हणाली, "भाऊजी, स्वतःला दोष देऊ नका. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याला तिथं थांबवलं असतं का?"

मी नाही म्हणालो.

निताईला मात्र मी फसवू शकलो नाही. जयवंतला लाँचवर चढवल्यावर मी छोट्याच्या चौपाटीवर डबे आणायला गेलो, तो माझ्याबरोबर आला. काठी तिथंच उभी होती. तो तिच्यापाशी थांबला. काठी किती खोल रोवलीय ते त्यानं हलवून बघितलं, तिच्यापासून कालच्या आमच्या बसण्याच्या जागेपर्यंत नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. दर्याचाच माणूस तो. काठी कोण रोवतं आणि कशासाठी रोवतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"कब देखा, दादा?" त्यानं विचारलं.

मी डबे गोळा करायला वाकलो. त्यानं काठी उपटली, पाण्यात लांब फेकून दिली आणि डबे उचलले.

पौष अमावास्येला जयवंतची तिथी असते. दर वर्षी मी पुण्याला मृणालकडे जातो. ती माझं सगळं करते, सख्खी बहीण करणार नाही इतकं. औषधं तीच पाठवते. डोळ्यांचं ऑपरेशन तिनंच करून आणलं.

तिच्या दिवाणखान्यात तो फोटो आहे, मोठा करून लावलेला. त्याचा शेवटचा फोटो म्हणून. खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली वेळ आहे, चार वाजून बावीस मिनिटं. त्याच्यावर चंदनाचा हार असतो. इतकी वर्षं तो हार चांगला लांब होता, फोटोची एक बाजू झाकली जायची. या वर्षी गेलो तर हार बदललेला. नवा, आखूड.

जेवणं झाल्यावर मृणाल चहा घेऊन आली आणि फोटोसमोर उभी राहिली.

"भाऊजी, कधीपासून विचारीन म्हणते. आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे बघतोय. तुम्ही कुठं बघताय हो?"

मी बघितलं. फोटोत जयवंतचा हात माझ्या खांद्यावर आहे. मृणाल हसतेय. मी मान वळवून पाण्याकडे बघतोय, आणि हाराखालून आता बाहेर आलेल्या कोपऱ्यात काठी आहे. मी रोवली तेव्हा तिच्या बुडाशी ओली वाळू होती. फोटोत ती गुडघाभर पाण्यात उभी आहे.

मला तेव्हाच दिसलं होतं. चार बाविसला. मी तोंड उघडणार एवढ्यात जयवंत म्हणाला की दादाला समुद्र कळतो, आणि मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा तो असं म्हणाला होता, दोन मिनिटं तरी ते खरं राहू दे असं मला वाटलं. दोनची पंधरा झाली. आणि पट्ट्यावर त्यानं विचारलं तेव्हाही चढतंय म्हणायला माझी जीभ वळली नाही. चढतंय म्हणालो असतो तर तो मागे फिरला असता.

"सांगा ना," मृणाल म्हणाली.

"समुद्राकडे," मी म्हणालो.

"वाटलंच मला. तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही." ती हसली, डोळे पुसले आणि कप घेऊन आत गेली.

हार वाकडा झालाय असं मी आपलं मोठ्यानं म्हणालो. मग उठलो आणि काठी झाकेल इतका तो एका बाजूला ओढून ठेवला.